घराचं वायरिंग खराब निघालं आणि हातात बिल नाही, तर कंत्राटदाराविरुद्ध काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात होटगी रोडला घर आहे, गेल्या वर्षी सगळं वायरिंग नव्याने करून घेतलं, सव्वा लाख दिले, आठ महिन्यांत दोनदा बोर्ड जळाला, आता फ्रिज गेला आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, "ओळखीचा माणूस होता म्हणून बिल घेतलं नाही, आता काही उपयोग आहे का?" मी सहसा असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. त्या शेवटच्या ओळीमुळे बसले.

उपयोग आहे. बिल नसलं तरी तुम्ही ग्राहकच आहात. माझ्याकडेही बिल नव्हतं.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. खाली आम्ही राहतो, माडीवर माझ्या चार शिलाई मशिनी आहेत. टॉवेल-नॅपकिनच्या कडा मारून देते, चौदा वर्षं झाली. लाकडी पट्ट्यांवरचं जुनं वायरिंग काढून भिंतीतून नवीन करायचं असं २०२१ च्या दिवाळीआधी ठरलं. थोरले दीर म्हणाले, "माझ्या साडूचा पुतण्या हेच काम करतो, घरचा माणूस आहे." मी म्हटलं, दादा, आधी कोटेशन घेऊ, झाल्यावर पक्कं बिल घेऊ. त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "घरच्या माणसाला बिल मागतीस? त्याला काय वाटंल?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचे पुढे साडेतीन वर्षं हिशेब चालले.

मालासकट १ लाख ४६ हजार ठरले. ९० हजार फोनपेवर गेले, बाकीचे रोख. काम दिसायला देखणं होतं. नवे स्विच, पांढरे बोर्ड, जिन्याखाली काचेच्या झाकणाचा मोठा डबा. सगळी आळी बघायला आली होती.

पहिला दणका २०२२ च्या मेमध्ये बसला. दुपारची वेळ, बाहेर त्रेचाळीस अंश. माडीवरच्या ट्यूबा एकदम पांढऱ्याफटक पेटल्या आणि खालचा पंखा मात्र अंगात जीव नसल्यासारखा फिरायला लागला. काय होतंय ते कळायच्या आत फ्रिजमधून ठप्प आवाज आला, टीव्हीच्या मागून धूर. फोन केला तर कंत्राटदार म्हणाला, "वैनी, महावितरणकडनंच व्होल्टेज वाढून आलं असणार, आपलं काम पक्कं हाय." मी शेजारी दोन घरांत जाऊन विचारलं. त्याच खांबावरून त्यांनाही लाईन आहे. त्यांचा साधा बल्बही गेला नव्हता. घरात काही दिवे जास्त आणि काही मंद होत असतील तर तो न्यूट्रल (वीज परत जायची तार) सुटल्याचा प्रकार असतो, हे मला नंतर कळलं. आमचं मीटर थ्री फेज आहे. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. न्यूट्रल जागेवर असेल तोवर प्रत्येक उपकरणाला २३० च्या आसपास मिळतात. तो तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज चढतं आणि तिथली वस्तू जळते. खांबावरचा न्यूट्रल गेला असता तर शेजाऱ्यांकडेही तेच झालं असतं. फक्त आमच्याकडे झालं म्हणजे जोड आमच्या डब्यातला सुटला होता.

पण इथे माझ्या हातून मोठी चूक झाली. उन्हाळा, घरात म्हातारं माणूस, म्हणून गल्लीतल्या एका पोराला बोलावून तासाभरात दुरुस्त करून घेतलं. त्याने जळालेला जोड कापला, नवीन जोडला आणि जुना तुकडा गटारीत फेकला. पुढे ग्राहक आयोगात फ्रिज आणि टीव्हीचे ४१ हजार मला मिळाले नाहीत. कारण वस्तू कंत्राटदाराच्या कामामुळेच जळाल्या हे दाखवायला माझ्याकडे तो तुकडा नव्हता, फोटोही नव्हता.

दुसरी वेळ जुलैतली. आमच्याकडे तेव्हा पाणी पाच दिवसाआड यायचं, तेही पहाटे. सोलापूरकरांना सांगायला नको, पाण्याचा दिवस असला की सगळं घर जागं असतं. सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) साडेचारला उठल्या, मोटर लावली आणि ओल्या फरशीवर उभं राहून पाइप सरळ करायला वाकल्या. मोटरला हात टेकला आणि हात सुटेना. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, नुसता घशातून आवाज आला. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, धावत जाऊन मेन खाली पाडला. आत्या वाचल्या. उजव्या हाताच्या बोटांना पुढे दोन महिने मुंग्या येत होत्या, भाकरी थापता येत नव्हती.

कंत्राटदार या वेळी आला. मोटरला टेस्टर लावला आणि म्हणाला, "मोटर जुनी हाय वैनी, बॉडीत करंट उतरलाय. मोटर बदला." मोटर जुनी होती आणि बॉडीत करंट उतरलाच होता, हे खरं आहे. पण मोटरी जुन्या होतात, गिझरची कॉइल फुटते, मिक्सरची वायर सोलते, म्हणून तर घराला अर्थिंग असतं. करंट बॉडीत उतरला तर माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या तारेतून जमिनीत जावा आणि आरसीसीबीने (करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच) पापणी लवायच्या आत लाईन तोडावी, यासाठीच त्याने आमच्याकडून वेगळे पैसे घेतले होते. मग ते दोन्ही कुठे होतं?

या वेळी मी कुणाला हात लावू दिला नाही. मेन पाडून ठेवला, दोन रात्री कंदिलावर काढल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यांची कामं करणारे एक परवानाधारक ठेकेदार काका शोधले. त्यांनी काचेच्या झाकणाचा तो डबा उघडला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग मला जवळ बोलावून दाखवलं.

घरातल्या प्रत्येक बोर्डात हिरवी तार व्यवस्थित स्क्रूला बसवलेली होती. कुणीही एखादा बोर्ड उघडून बघितला असता तर म्हणाला असता, वा, अर्थिंग आहे. पण त्या सगळ्या हिरव्या तारा मुख्य डब्यात येऊन एका जुडीत गुंडाळलेल्या होत्या, वर काळी चिकटपट्टी, आणि ती जुडी मागे सारून दिलेली. पुढे कशालाच जोडलेली नाही. अंगणातला अर्थिंगचा खड्डा खणला तर पाइप तीन फुटांतच संपला. कोळसा नाही, मीठ नाही, वरून सिमेंटचं झाकण मात्र चकचकीत. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खोल खड्डा आणि वरून पाणी सोडायची सोय नसेल तर अशा जमिनीत अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरतं, हे सोलापुरात काम करणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आणि आरसीसीबी म्हणून जे बसवलं होतं ते साधं आयसोलेटर होतं, म्हणजे नुसता हाताने चालू-बंद करायचा स्विच. दिसायला जवळजवळ सारखंच. खऱ्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर असं छापलेलं असतं आणि टी लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की लाईन जायला पाहिजे. आमच्या डब्यात बटणच नव्हतं. हे वाचताय तेवढ्यात उठून तुमचा डबा बघून या. तिसरी गोष्ट, माडीवरच्या मशिनींना दीड एमएमची तार ओढून तिला ३२ अँपिअरची एमसीबी लावली होती. एमसीबी तारेला वाचवायला असते. एवढी मोठी लावली तर आधी तार वितळणार, एमसीबी तशीच उभी राहणार. तुमचे बोर्ड दोनदा जळाले ते बहुतेक याच जातीचं काम असणार, नाहीतर ढिला जोड.

मी काकांना म्हटलं, आज दुरुस्त करू नका, आधी लिहून द्या. त्यांनी लेटरहेडवर, परवाना क्रमांकासह, काय काय आढळलं ते लिहून दिलं. अडीच हजार घेतले. मी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, शेजारी त्या दिवसाचा पेपर धरून. ते आयसोलेटर आणि चिकटपट्टीसकट हिरवी जुडी पिशवीत घालून कपाटात ठेवली. ती पिशवी अजून आहे.

मग घरातलं सुरू झालं. नोटीस पाठवायची म्हटल्यावर थोरले दीर आले. म्हणाले, "पोरगं गरीब हाय, त्याच्या पोटावर पाय देतीस व्हय? साडूकडं मी काय तोंड दाखवू?" मी विचारलं, दादा, आत्यांचा हात सुटला नसता तर तुम्ही साडूकडे काय तोंड दाखवलं असतं? ते उठून गेले. २०२३ च्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला आमच्याकडे सगळे जमतात, दुपारचं जेवण इथेच होतं. त्या वर्षी थोरल्या घरचं कुणी आलं नाही. आत्या त्या दिवशी ताटावरून दोनदा उठल्या.

गरिबीचं मी इथे एकदाच बोलते, कारण हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. भिंती फोडणारी दोन पोरं दिवसाला पाचशेवर राबत होती, गरीब ती होती. तार जोडायला दहा मिनिटं लागतात. एखादा जोड ढिला राहिला तर चूक म्हणून सोडून देते मी. न जोडलेल्या तारांवर चिकटपट्टी लावून मागे ढकलणं म्हणजे, कुणी बघणार नाही, हे आधी ठरवून केलेलं काम आहे. आणि आम्ही बिल मागणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणूनच ते करायची हिंमत झाली. ओळखीने काम चांगलं होतं, असं थोरले दीर आजही म्हणतात. ओळखीने आमच्याकडे फक्त एक झालं, की आम्ही तपासलं नाही.

केस मी वकिलाशिवाय चालवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २०२० च्या जुलैत. त्यात ग्राहक स्वतः उभा राहू शकतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं, म्हणजे तुमचं सोलापुरातच होईल. कंत्राटदार उद्या पुण्याला पळाला तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमचे आठ-दहा महिने गेलेत, घाबरू नका, पण झोपूही नका.

बिलाचं. काम करून बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे, तेव्हा बिल नाही ही लाज त्याची आहे, तुमची नाही. पैसे दिले हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागतं. माझे ९० हजार बँकेच्या उताऱ्यावर दिसत होते. रोखीच्या ५६ हजारांसाठी नाकी नऊ आले. शेवटी व्हॉट्सॲपवर त्याचाच एक आवाजी निरोप सापडला, "वैनी, आता वरचे वीसच राहिले बगा." म्हणजे १ लाख २६ हजार मिळाल्याचं त्याच्याच तोंडून निघालं. ते वरचे वीस मी नंतर रोख दिले होते, ते कुणी मोजले नाहीत. तुम्ही आज रात्रीच सगळे जुने निरोप काढून दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. दुकानदाराने सामानाची लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर तीही.

त्याच्या वकिलाने दोन मुद्दे काढले. एक, हा रोजंदारीवरचा माणूस, मालकाच्या सांगण्यावरून काम करतो, ही वैयक्तिक नोकरी झाली, ती कायद्यात बसत नाही. हे चाललं नाही. आपण हुकूम देऊन राबवून घेतो तो नोकर वेगळा आणि अंगावर काम घेऊन स्वतःच्या अकलेने पार पाडणारा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणताना हाच फरक सांगितला होता. दुसरा मुद्दा जास्त झोंबणारा होता. वर मशिनी आहेत, म्हणजे हा कारखाना, म्हणजे ही बाई ग्राहकच नाही. मी उभी राहून सांगितलं की चारपैकी एका मशिनीवर मी स्वतः बसते, बाकीच्यांवर माझी जाऊ आणि दोन शेजारणी, आणि यावरच आमची चूल पेटते. पोटासाठी स्वतः राबून केलेल्या उद्योगाला व्यापारी हेतू म्हणत नाहीत, असा खुलासा कायद्यातच आहे. आणि शॉक बसला तो खाली, मोरीशेजारी. सोलापुरात घराघरात कुणी विड्या वळतं, कुणी टॉवेल शिवतं. या एका मुद्द्यावर आम्हाला ग्राहक म्हणून बाहेर काढलं तर अर्ध्या पूर्व भागाला दादच मागता येणार नाही.

मध्यस्थीही झाली. १० हजार घ्या आणि मिटवा, असा निरोप थोरल्या दिरांच्याच फोनवरून आला. मी नाही म्हटलं.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावावा. मला वीस महिने लागले. तारखेच्या दिवशी मशीन बंद, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. निकाल लागला तेव्हा सदोष कामाचे ५८ हजार ९ टक्के व्याजाने, मानसिक आणि शारीरिक त्रासाचे २० हजार, खर्चाचे ७ हजार. अपिलाला ४५ दिवस असतात, पण आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे तो राज्य आयोगात गेला नाही. पैसेही दिले नाहीत. मग वसुलीचा अर्ज केला. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. त्याची नोटीस हातात पडल्यावर दोन हप्त्यांत सगळे आले.

आता तुमचं. आधी परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणीचा लेखी अहवाल घ्या, परवाना क्रमांकासह. गल्लीतल्या पोराचं म्हणणं तिथे कुणी ऐकत नाही. मग कंत्राटदाराला साध्या मराठीत पत्र लिहा, काय बिघडलं, किती दिवसांत दुरुस्त करून हवं, नाहीतर किती पैसे परत हवेत. वकिलाची नोटीस सक्तीची नाही. पोस्टाने पाठवा आणि पोच ठेवा. पाकीट घ्यायला नकार दिला म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. माझं तसंच आलं होतं आणि ते बंद पाकीट आयोगाने बघितलं. १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, पण एकट्यादुकट्या कंत्राटदारावर तिचा फार परिणाम होत नाही, असं माझं मत. तक्रार आता ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मी तेव्हा कागद हातानेच दिले होते.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी वकील नाही, माझ्या प्रकरणात जे झालं ते सांगितलं. नुकसान मोठं असेल, घराला आग लागली असेल तर वकील करा आणि घराचा विमा असेल तर त्या कंपनीला त्याच दिवशी कळवा. कुणाचा जीव गेला असेल किंवा गंभीर इजा झाली असेल तर ग्राहक आयोगाच्या आधी पोलीस आणि विद्युत निरीक्षक कार्यालय. आणि मीटरच्या अलीकडचं सगळं आपलं असतं, त्यासाठी महावितरणशी भांडू नका. फक्त एक अर्ज देऊन मीटरपाशी व्होल्टेज तपासून घ्या, म्हणजे "वरून जास्त आलं" हे त्याला म्हणता येणार नाही. माझ्याकडे ते पत्र होतं आणि ते कामी आलं.

थोरले दीर गेल्या वर्षीपासून यात्रेला परत येतात. या विषयावर आम्ही बोलत नाही. त्यांच्याकडेही वायरिंग त्याच पुतण्याने केलंय, २०२० मध्ये. त्यांच्या डब्यात टी लिहिलेलं बटण आहे का, हे मी तीनदा विचारलं, त्यांनी अजून बघितलेलं नाही. जावेला मी स्वतः सांगितलंय की मोटर लावताना पायात चप्पल ठेव आणि आधी हात कोरडे कर.

आणि तुमचा तो फ्रिज. भंगारवाल्याला दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आजच जाऊन परत आणा. कंपनीच्या माणसाकडून तो जास्त व्होल्टेजने जळाला का, हे लिहून घ्या. माझ्याकडे तेवढाच एक कागद कमी होता.